प्रमिलाताईंची डबी

हे लिहावं की नाही, यात बरेच दिवस घालवले. कारण असले अनुभव सांगणाऱ्यांची ऑफिसात सगळ्यात जास्त टिंगल मीच करायचो. कुणी म्हणालं, "मशीन आपोआप बंद पडलं," की मी खाली वाकून प्लग बघतो. बहुतेक वेळा प्लगच निघालेला असतो. देवाचंही माझं बेताचंच, भूत तर लांबच राहिलं. तरी...

मी शेलूला राहतो आणि खालापूरजवळच्या एका पॅकिंगच्या कंपनीत नेटवर्क सांभाळतो. आमच्याकडे टेबलांवर कॉम्प्युटर नाहीत, थिन क्लायंट आहेत. म्हणजे स्क्रीन, कीबोर्ड आणि पुस्तकाएवढा एक डबा. त्या डब्यात काहीही साठत नाही, सगळं काम आतल्या सर्व्हरवर चालतं. टाकी एक आणि नळ पंचवीस, तसं समजा. कंपनीत सगळे त्या डब्याला 'डबी' म्हणतात.

यात एक मेख आहे. संध्याकाळी नुसती डबी बंद करून गेलात, तर तुमचं काम सर्व्हरवर तसंच उघडं राहतं. त्याला सेशन म्हणतात. ते खरोखर संपवायचं तर लॉगऑफ करावं लागतं. आणि लॉगऑफ न करणाऱ्यांत पहिला नंबर डिस्पॅचच्या प्रमिलाताईंचा!

ताई पोशीरच्या. पन्नाशी ओलांडलेली, घरी भाताची शेती, आणि नोकरी अशी चोख की डबीला जोडलेल्या प्रिंटरवरून एक लेबल कधी चुकीचं निघायचं नाही. मला त्या नावाने हाक मारायच्याच नाहीत, 'इंजिनेर' म्हणायच्या. जेवणाच्या डब्यातली सुकटीची चटणी मला दिल्याशिवाय स्वतः जेवायच्या नाहीत. आमचं भांडण रोज पाच वाजता ठरलेलं.

"ताई, लॉगऑफ! कितीदा सांगायचं?"

"आरं, पन उद्या मी येनारच हाय ना?"

"तरी करायचं. सर्व्हर उगाच अडकून राहतो."

"राहू दे. तुजं ते लॉगऑफ म्हंजे गेले, संपलं, असंच ना? निघताना मानूस 'जाते' म्हनत नाय रं, 'येते' म्हनतं. तुला आयशीनं शिकवलं नाय?"

मग स्क्रीनचं बटण बंद, पर्स खांद्याला, आणि दारातून एक हाक — "येते रं इंजिनेर!" त्या गेल्या की मी चरफडत त्यांचं सेशन बंद करायचो.

एका गुरुवारी त्या तशाच गेल्या, आणि मला घाई होती म्हणून मीही सेशन बंद केलं नाही. शुक्रवारी आमची साप्ताहिक सुट्टी. त्या पहाटे ताई झोपेतच गेल्या. ना कुणाशी बोलणं, ना निरोप. पोशीरला पोचलो तेव्हा अंगणात त्यांच्या चपला होत्या, त्या बघून मी रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

सेशन मात्र सर्व्हरवर तसंच राहिलं. रोज सकाळी सेशनची यादी उघडायचो — 'प्रमिला, डिस्कनेक्टेड'. दोन क्लिकचं काम होतं, पण हात होत नव्हता.

तेरावं झालं. पुढच्या शुक्रवारी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा होता, म्हणजे आता ते सेशन जाणारच होतं. मी दुपारी बाराला एकटाच पोचलो. आधी डिस्पॅचमध्ये जाऊन ताईंच्या टेबलावरची डबी काढली, कारण ती दुसरीकडे लावायची होती. वायर गुंडाळली आणि डबी घेऊन सर्व्हर रूमला गेलो.

आमची सर्व्हर रूम म्हणजे आधीच्या मालकाची शीतगृहाची खोली. भिंती पत्र्याच्या, आत जाड फोम, एकही खिडकी नाही, आणि दार असं की बंद झालं की बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. आतून उघडायचा दांडा कधीचाच तुटलेला. म्हणून नियम एकच — दारात वीट लावायची. त्या दिवशी वीट जागेवर नव्हती. वॉचमन बाळारामकाकांनी ती गेट अडवायला नेली होती. मी दारात हेल्मेट लावलं.

हेल्मेट गोल असतं, हे माझ्या डोक्यात शिरायला दार बंद व्हावं लागलं.

मी यादी उघडली आणि लाईट गेली. एसी बंद झाला, आणि मागे 'धप्प' असा आवाज. वळून बघतो तर दार लागलेलं, हेल्मेट बाहेर. ढकललं, लाथा मारल्या, घसा फुटेस्तोवर काकांना हाका मारल्या. ते दोनशे पावलांवर गेटच्या केबिनमध्ये, आणि मला दोन-तीन तास लागतात हे त्यांना माहीत, म्हणजे ते बघायला येणार नव्हते. मोबाईलला त्या पत्र्यात रेंज शून्य. यूपीएसवर फक्त सर्व्हर आणि माझी स्क्रीन. बाहेरचं नेटवर्क मेलेलं, त्यामुळे मेलही जाणार नव्हता.

आणि मला दमा आहे. पंप बाईकच्या डिकीत.

मे महिन्याची दुपार. सर्व्हरची गरम हवा कोंडायला लागली. दहा मिनिटांत छातीत शिट्टी वाजायला लागली, मी खाली बसलो. घाबरलो होतो. बायकोचा चेहरा समोर आला, आणि उद्या सकाळी इथे आपल्याला कोण बघेल, हा विचार डोक्यातून जाईना.

यूपीएस टीं-टीं करायला लागला, म्हणून स्क्रीनकडे पाहिलं. यादीत दोनच नावं होती, माझं आणि 'प्रमिला'. ताईंच्या नावापुढे आता 'डिस्कनेक्टेड' नव्हतं. 'ॲक्टिव्ह' होतं. म्हणजे कुणीतरी त्या सेशनवर आत्ता बसलेलं होतं.

मी सवयीने खाली वाकून प्लग बघितला. ताईंची डबी माझ्या पायाशी होती, वायर गुंडाळलेली, कशालाच न जोडलेली.

यादीतल्या माणसाला स्क्रीनवर निरोप पाठवता येतो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात... मी टाईप केलं, 'ताई, दार'. पुढे बोटं चालेनात. पाठवलं. मिनिटभरात यूपीएस संपला आणि काळोख झाला. मी दाराला पाठ लावून श्वास मोजत होतो. किती वेळ गेला, माहीत नाही.

मग दार मागे गेलं आणि मी काकांच्या पायांवरच पडलो.

"आरं देवा! सायेब! तुमी खरंच आत हाय?"

पंप मिळाला, पाणी प्यायलो, थोडा माणसात आलो. तेव्हा त्यांच्या 'खरंच' या शब्दाकडे लक्ष गेलं. मी विचारलं, "काका, तुम्हाला सांगितलं कुणी?"

"माज्या केबिनमागं डिस्पॅचमदी ते लेबलाचं मशीन कुरकुरलं," काका म्हणाले. "म्हटलं लाईट नाय, नि मशीन कसं चालतंय? चोर शिरला का काय म्हनून गेलो. कोन नाय. ह्ये बाहेर आलेलं."

त्यांच्या हातात एक लेबल होतं. त्या प्रिंटरवर इंग्रजी अक्षरंच उमटतात, आणि ताई त्यातच मराठी लिहायच्या. गाड्यांचे नंबर लिहून लिहून काकांना ती अक्षरं लागतात. ओळ एकच होती, इथे मराठी अक्षरांत देतो —

इंजिनेर आत हाय. दार उघड. जाते.

वीज आल्यावर मी सर्व्हरची नोंद तपासली. नुसती वीज जाऊन सेशन तुटलं, तर लॉगऑफची नोंद होत नाही. इथे होती. माझ्या निरोपानंतर, यूपीएस संपायच्या आधी — 'प्रमिला, लॉगऑफ'. सर्व्हरवरून मी केलेलं नव्हतं, वापरणाऱ्याने स्वतः केलेलं होतं. इतक्या वर्षांत त्या नावापुढची ही पहिली अशी नोंद.

मी सगळं करून पाहिलं. प्रिंटर उघडला, बॅटरी नाही. डबी नसताना प्रिंटरला काही पोचूच शकत नाही. कुणी थट्टा केली म्हणावं, तर आवारात आम्ही दोघंच, आणि काकांना कीबोर्ड कुठून धरायचा तेही माहीत नाही. माझ्या वरिष्ठांना सांगितलं, ते म्हणाले, "श्वास कोंडला की भास होतात." असेल. पण भासाचं लेबल निघत नाही.

काकांनी त्या दिवशी एवढंच विचारलं, "सायेब, ताई तर कायम 'येते' म्हनायची ना? मग ह्यावर 'जाते' का?"

दाराला आता आतून नवा दांडा बसवलाय. लेबल माझ्या डायरीत आहे. असली लेबलं उष्णतेवर छापतात, काही महिन्यांत उडून जातात, म्हणून आत्ता लिहून टाकतोय. परवा पाहिलं तर 'इंजिनेर' जवळजवळ दिसेनासं झालंय, 'दार' अर्धं गेलंय. 'जाते' तेवढं अजून वाचता येतं.