कल्याणचे पंच आणि माझी विलायती उमेदवारी

विलायतेहून परत येऊन मला पाच दिवस झाले होते आणि पाचही दिवस ठाण्याच्या आमच्या घरी मी ओटीवर एकटा जेवत होतो. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला पंक्तीला घ्यायचं की नाही, हे कल्याणचे पंच ठरवणार होते. त्यांनी मला वाळीत टाकलं असतं, तर माझ्या अकरा वर्षांच्या बहिणीचं कल्याणला ठरलेलं लग्न मोडणार होतं. वडिलांनी बजावलं, "तोंड सांभाळ."

त्यांना काय ठाऊक, मी तिकडे तेवढंच शिकलो होतो! सांगायला अर्थशास्त्र आणि समाजाचं शास्त्र शिकायला गेलो, पण खरी विद्या मिळाली ती एका धर्मादाय मंडळाच्या उमेदवारीत. गरिबांच्या गल्ल्यांत हिंडायचं, छापील प्रश्न विचारायचे आणि हिवाळ्यात फुकट कोळसा द्यायला कोण लायक ते लिहून आणायचं. दारू पिणारा नालायक, हा नियम. एका म्हाताऱ्या धोबिणीला मी दारूचं विचारलं, तर तिने उलट मलाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, साहेब?"

"आपण पीत नसाल."

"काय ओळखता हो माणसं!"

मी खूश होऊन तिला लायक लिहिलं. मला दारापर्यंत पोचवायला ती उठली, तेव्हा तिच्या घागऱ्याआडची बाटली दिसली. लिहिलेलं मी खोडलं नाही.

कल्याणहून तिघे पंच सकाळच्या गाडीने आले. पानसुपारी झाल्यावर त्यांतल्या सर्वांत वडील काकांनी सुरुवात केली.

"तिकडे स्नान रोज करीत होतात?"

खरं म्हणजे आठवड्यातून एकदा. मी नम्रपणे म्हटलं, "काका, आपणच सांगा. बाहेर बर्फ पडतंय. आपल्यातला माणूस काय करील?"

"कढत पाणी घेईल."

"इथे बसून कसं हो कळलं आपल्याला?"

काकांनी बाकीच्या दोघांकडे अशा ऐटीत पाहिलं, की जणू विलायतेला तेच जाऊन आले होते. "तांदूळ मिळत असतील. म्हणजे भात स्वतः शिजवीत असणार," ते म्हणाले.

"आपल्यापासून काय लपणार!"

दाराआड आईला ठसका लागला.

तासाभरात निकाल लागला. मुंडण, खाडीवर स्नान आणि ब्राह्मणभोजन, एवढ्यावर भागलं. लग्न ठरल्या मुहूर्तावर होणार होतं. "मुलगा सरळ आहे हो," असं वडिलांना सांगून काका उठले. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

मी धावतच मागच्या पडवीत गेलो. बहीण तांदूळ निवडत बसली होती.

"सुटलीस गं! लग्न पक्कं!"

तिने सूप खाली ठेवलं. "तुला वाळीत नाही टाकलं?"

"छे!"

"तू मांस खाल्लंस, ते सांगितलं नाहीस? मला सांगितलंस ते?"

"वेडी का तू? सांगितलं असतं, तर लग्न मोडलं असतं."

"हो ना," ती म्हणाली. "तू बोटीत बसलास तेव्हापासून मी त्याचीच वाट बघत होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्यांच्या दारोदार प्रश्न विचारत हिंडलो होतो आणि हिला एक शब्द विचारला नव्हता. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं, दोन खडे वेचून टाकले आणि मान वर न करता विचारलं, "दादा, लग्नाच्या आधी परत एकदा जाऊन येतोस?"