आधी दार पाहा

ठळक अक्षर कशासाठी असतं हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. महत्त्वाचं असेल ते ठळक. फारच महत्त्वाचं असेल तर ठळक, मोठं आणि पुढे उद्गारचिन्ह. गंगेवरच्या, म्हणजे नाशिकला गोदावरीच्या काठी बसणाऱ्या, भाजीवाल्या बायकांना त्यांच्या जागेवरून उठवायचं घाटत होतं तेव्हा मी कॉलेजात होते. माझी आई त्याच बायकांत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसते. पहिलं पत्रक मी रागानं लिहिलं, नंतरची सवयीनं. लोक वाचायचे, खिशात घालायचे, काही जण त्यात भजी बांधायचे, पण अक्षर ठळक का असा प्रश्न कधी कुणी विचारला नाही.

तो उभा केला माझ्या मैत्रिणीनं, आणि तोही कॉम्प्युटरच्या एका पानावरून.

आम्ही शाळेपासूनच्या. ती पुण्यातली नोकरी सोडून नाशिकला परत आली होती आणि घरच्या माडीवर बसून एक प्रोग्रॅम लिहीत होती. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये खोलीचं तापमान चढलं की तो बोंब मारतो, एवढंच त्याचं काम. कुणीही फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा. मला त्यातलं तेवढंच कळलं आणि तेवढंच आवडलं. तिच्या मामाचं पिंपळगावला पॅकहाऊस आहे. त्यांनी हंगामाच्या सुरुवातीला एका खोलीत तो लावून घेतला होता. पण एका कंपनीचा माणूसही तेच काम करणारा चकचकीत डबा घेऊन त्यांच्याकडे खेटे घालत होता.

मामांनी भाचीला सरळ सांगितलं, "तू काय इथं रोज येऊन बसणार नाहीस. माझ्या माणसांना स्वतः वाचून हे चालवता आलं तर ठेवतो. नाय तर डबा बसवतो. मग रडायचं नाय."

आणि तिच्या वडिलांनी त्याच्या वर गाठ मारली. मामाच नको म्हणाला तर पुण्याची नोकरी. तिला पुण्याला जायचं नव्हतं. म्हणजे तिचं नाशिकमध्ये राहणं एका पानावर अडलं होतं.

हे पान म्हणजे कागद नव्हे. काळ्या पडद्यावर एक हुकूम टाइप केला की त्या प्रोग्रॅमची माहिती उघडते, त्याला ती मॅन्युअलचं पान म्हणायची. असल्या पानांची ठरलेली घडण असते. वर नाव, मग थोडक्यात वापर, मग वर्णन, मग एकेक पर्याय. तिनं मराठीत लिहिलेलं पान मी वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

"अगं, ही काय नगरपालिकेची नोटीस आहे का? धोका कुठाय यात?"

"आहे ना. पर्यायांमध्ये, तिसऱ्या परिच्छेदात."

"तिसऱ्या परिच्छेदात कोण जातं? लोकांना फसवायचं असतं ना, तेव्हा असंच आत कुठंतरी घालतात."

धोका असा होता. बोंब गप्प करायचा एक पर्याय आहे. पण खोलीचं दार उघडं राहिलं असेल आणि तुम्ही नुसता आवाज बंद केलात, तर आतल्या गार द्राक्षांना बाहेरची हवा लागते आणि त्यांना घाम सुटतो. घाम सुटलेलं द्राक्ष पेटीत बुरशी धरतं. म्हणून गप्प करायच्या आधी दार पाहायचं. इतकी साधी गोष्ट, आणि बाईनं ती बारीक अक्षरात दडवलेली!

"तुझी मराठी लोक वाचतात," ती म्हणाली. "तूच नीट कर."

मी केली. सगळ्यात वर घातलं 'थांबा!' ठळक. त्याखाली नवीन ओळ, तीन टिंबं देऊन, आमच्या पत्रकात असतात तशी: '...आणि आधी दार पाहा!' खाली पर्यायांमध्येही जे जे कामाचं ते ठळक केलं. ठळक करायची खूण तिनं दाखवली होती, ती मी सढळ हातानं वापरली. फाइल पाठवली.

दुसऱ्या दिवशी तिच्या माडीवर पान उघडून पाहिलं, तर 'थांबा!' होतं आणि दाराची ओळ गायब.

"तू कापलीस," मी म्हटलं.

"मी हात लावला नाही."

"मग काय उंदरानं खाल्ली? कोण घाबरतंय या ओळीला? तुझा मामा?"

ती हसायला लागली, मी आणखी चिडले. मग तिनं फाइल उघडून दाखवलं. ओळ तिथंच होती, माझ्या तीन टिंबांसकट. ह्या पानांच्या फाइलीत ज्या ओळीची सुरुवात टिंबानं होते ती वाचकासाठी नसतेच. ती मजकूर मांडणाऱ्या यंत्राला दिलेला हुकूम असतो. इथं मथळा कर, इथं परिच्छेद सोड, असा. आणि हुकूम त्याला ओळखू आला नाही, तर ते गुपचूप पुढे जातं. ना छापतं, ना तक्रार करतं.

"तक्रार करत नाही म्हणजे? माझं वाक्य खाल्लं आणि तक्रारही नाही?"

"त्याला वाटलं तू त्याच्याशी बोलतेयस."

मी पाच वर्षं टिंबांनी ओळी सुरू करतेय. कागदानं कधी असा दगाफटका केला नव्हता. टिंबं काढली, ओळ दिसू लागली. पण मला त्या पडद्याचा भरवसाच वाटेना. आणखी काय काय गेलं असेल, आणि मला कळणार कसं?

ठळकाचं मात्र ती तेव्हा काही बोलली नाही. नंतर म्हणाली, तू एवढी तापली होतीस की हिंमत झाली नाही.

पिंपळगावला आम्ही तिच्या स्कूटीवरून गेलो. पॅकहाऊसमध्ये बायका द्राक्षांचे घड कात्रीनं साफ करत होत्या, बाहेर टेम्पो लागलेले. खोल्यांवर नजर ठेवणारा सुपरवायझर चांदवडकडचा. फुशारक्या मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नसावा. आम्ही खुर्चीवर टेकायच्या आतच त्यानं सांगितलं की दुबईचा माल तो डोळे मिटून भरतो आणि कॉम्प्युटर म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ आहे.

मामांनी खोलीचं दार मुद्दाम हातभर उघडं ठेवायला लावलं. थोड्या वेळानं बोंब सुरू झाली. काय आवाज तो! कात्र्या थांबल्या, सगळ्या बायका वळून बघायला लागल्या.

"आता वाचून गप्प कर," मामा त्याला म्हणाले. "पोरींना विचारायचं नाय."

त्यानं पान उघडलं. मैत्रिणीनं आधीच सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं, की पानात ठळक दिसेल ते जसंच्या तसं टाइप करायचं आणि खाली रेघ असेल तिथं आपल्या मनाचा आकडा घालायचा. जगभर ह्या पानांचा हाच रिवाज आहे म्हणे. हे तिनं त्यांना सांगितलं होतं. मला सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल, त्यावर आमचं अजून एकमत नाही.

सुपरवायझरनं पडद्याकडे पाहिलं आणि दोन बोटांनी, इंग्रजी अक्षरांत, ठामपणे टाइप केलं: थांबा.

यंत्रानं उत्तर दिलं की असा हुकूम नाही.

"ऐकत नाय हे," तो म्हणाला. पुन्हा टाइप केलं. यावेळी उद्गारचिन्हासकट. मग पानात खाली गेल्यावर त्याला खरा हुकूम सापडला, पण तिथं मी 'मिनिटं' हा शब्दही ठळक केला होता. तिथं किती मिनिटं गप्प ठेवायचं तो आकडा यायचा होता. त्यानं इमानेइतबारे 'मिनिटं' असंच टाइप केलं. बोंब चालूच. कात्री हातात धरलेली एक बाई ओरडली, "अहो, त्याला हात जोडा, मग ऐकेल!" आणि सगळा शेड खदाखदा हसला.

शेवटी मैत्रिणीनं उठून आवाज बंद केला. दार उघडं आहे याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ते मामांनीच जाऊन लावलं.

"डबावाल्याला मी हो म्हटलेलं नाय अजून," मामा तिला म्हणाले. "एकदाच आणखी बघतो. भाची म्हणून."

येताना ओझरला चहाला थांबलो. मी गप्प राहू शकत नाही.

"तो माणूसच तसला आहे. 'थांबा' म्हणजे थांबा. टाइप कोण करतं?"

"मी सांगितलं तसंच त्यानं केलं."

"मग तुझा रिवाजच चुकीचा. ठळक म्हणजे महत्त्वाचं, हे शेंबड्या पोराला कळतं."

"तुला कळतं. त्याला काय टाइप करायचं ते कळायला हवंय. बाई, मला पुण्याला नाही जायचं गं." एवढं बोलून ती चहाच्या ग्लासाकडे बघत बसली. मला वाईट वाटलं, आणि तरी वाटत होतं की मी बरोबर आहे. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, मला माहीत नाही.

मग आम्ही पान दुरुस्त करायला बसलो. म्हणजे ती बसली आणि मी भांडत बसले. टाइप करायचा हुकूम सोडून बाकी सगळ्याचं ठळक काढलं. उद्गारचिन्हं काढली. फाइलीत प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घेतलं, म्हणजे पुढे कुणी एखादं वाक्य बदललं तर नेमकं कुठलं बदललं ते दिसतं. हे मात्र मला पटलं, आमच्या बैठकांतल्या ठरावांना हे लावायला हवं. जिथं वाचणाऱ्यानं आपलं काही भरायचं, तिथं खाली रेघ आली. पण ती रेघ मराठी अक्षराच्या उकारावरूनच जायची आणि उकार गडप व्हायचा. म्हणून तिथं उकार नसलेला शब्द शोधत बसलो. 'मिनिटं' त्यात पास झालं.

राहिली दाराची ओळ.

ती म्हणाली, वरून काढून पर्यायातच घालू, हुकुमाच्या अगदी आधी. साध्या अक्षरात.

"साध्या? म्हणजे परत दडवलंच."

"दडवलं कुठं? तो तिथूनच जाणार आहे."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर पुण्याला जाईन," ती म्हणाली आणि टाइप करायला लागली.

ओळ अशी झाली: 'अलार्म गप्प करण्याआधी खोलीचं दार लागलं आहे का ते पाहा.' बस. वाचून मलाच झोप येईल असं वाक्य. मी आयुष्यात इतकं मिळमिळीत काही लिहिलं नव्हतं.

पुढच्या खेपेला मामांनी तेच केलं. दार हातभर उघडं, थोड्या वेळानं बोंब. सुपरवायझर बाह्या सरसावून बसला. पान उघडलं, बोट पडद्यावर ठेवून खाली खाली आला, पर्यायापाशी थांबला. ओठ हलले. मग काहीही टाइप न करता उठला आणि चालू लागला.

मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. बोंब कानठळ्या बसवत होती. मामांनी मनगटातलं कडं फिरवायला सुरुवात केली. मला वाटलं, झालं, कंटाळून गेला तो. हेच मी सांगत होते. ओरडून सांगायला हवं होतं.

तो आला. खुर्चीत बसला. सावकाश हुकूम टाइप केला, रेघेच्या जागी आकडा घातला. शांतता झाली.

"कुठं गेलता?" मामांनी विचारलं.

"दार लावाया. त्यात लिहिलंय ना."

"ते मागच्या टायमालाबी लिहिलं होतं."

"व्हय?" सुपरवायझरला खरंच आश्चर्य वाटलं. "मला नाय दिसलं. तवा कोण तरी लय वरडत होतं."

मी म्हटलं, "अलार्म वाजत होता म्हणून?"

"अलार्म तर आत्ताबी वाजला," तो म्हणाला आणि दुबईच्या मालाकडे वळला.

मामांनी बाकीच्या खोल्यांतही प्रोग्रॅम लावायला सांगितलं. डबावाल्याला तिथंच फोन करून नको म्हणाले. मैत्रीण पुण्याला गेली नाही. घरी येईपर्यंत स्कूटीवर ती गात होती, बेसूर. मागे बसून मी तिच्या आनंदात आनंद मानत होते, आणि आतून काहीतरी कुरतडत होतं. ते पान चाललं कशामुळे? ओळ साधी होती म्हणून, की हुकुमाच्या वाटेतच बसली होती म्हणून? की मामा समोर उभे होते म्हणून? की मागच्या वेळी बायका हसल्या आणि माणूस सावध झाला? तिला विचारलं. म्हणाली, माहीत नाही, चाललं ना.

त्यानंतर गंगेवरच्या बायकांचा प्रश्न पुन्हा निघाला आणि मी नवं पत्रक घेऊन शालिमारजवळच्या छपाईवाल्याकडे गेले. मैत्रीण सोबत होती, शेंगदाणे खात. छपाईवाला माझा जुना. त्यानं न विचारताच पहिल्या ओळीआधी तीन टिंबं टाकून ठेवली होती.

"तुमची नेहमीची, ताई," तो म्हणाला. "ठळक काय काय करू?"

मी पडद्यावरचा मजकूर वाचला. कितीला जमायचं, कुठं जमायचं, जागा कुणाची, हलवतंय कोण. सगळंच ठळक होण्यासारखं. पुन्हा वाचला. यातलं काय वाचून आईच्या शेजारची बाई उठून चालू लागेल? मला सांगता येईना. मैत्रिणीकडे पाहिलं.

"मला नको विचारू," ती म्हणाली. "कागदातलं मला काही कळत नाही."

मागे लग्नपत्रिका घेऊन एक कुटुंब ताटकळत उभं होतं. छपाईवाल्यानं माउसवर बोट आपटलं. "ताई, बरं नाही का?"

"टिंबं काढ," मी म्हटलं. "बाकीचं थांब, मला एकदा बघू दे."