जळत्या साखरेचा वास
परवा मुलीनं तिच्या पोरांसाठी पुडिंग करताना साखर जाळायला ठेवली आणि त्या करपट-गोड वासानं मला आमच्या सोलापूरच्या घरातला एक उन्हाळा आठवला. जन्म चादरीच्या कारखान्यात घालवलेले वडील तेव्हा बाहेरच्या खोलीत कूलरसमोर पडून असायचे. मधुमेह होताच, त्यात किडन्या गेलेल्या, म्हणून आई त्यांच्यासाठी चायना ग्रासचं बिनसाखरेचं पुडिंग करायची, त्यात दुधापेक्षा पाणीच जास्त. ते रोज खायचे आणि रोज भांडायचे, "ह्याला पुडिंग म्हनत्यात व्हय? सुताला लावायची खळ हाय ही!" एक दिवस डॉक्टरांना भेटून आल्यावर आई थेट स्वयंपाकघरात गेली, पुडिंगच्या डब्याच्या तळाला साखर घातली आणि डबा गॅसवर धरला. साखर तांबूस होत गेली तसा वास घरभर पसरला. बाहेरून वडिलांनी विचारलं, "साखर जाळतीस व्हय गं?" आईनं डबा फिरवून पाक तळाला सगळीकडं पसरवला. मग ते हळूच म्हणाले, "म्हंजे डॉक्टर म्हनले, आता काय पायजे ते खाऊ द्या." संध्याकाळी त्यांनी त्या खऱ्या पुडिंगचा एकच चमचा खाल्ला आणि वाटी बाजूला सारली. "लई झ्याक झालंय, पण उद्या माझं ते खळीचंच कर की." आईनं सकाळीच केलं, पण तोवर त्यांना गिळता येत नव्हतं. परवा मुलीनं माझ्यापुढं नेहमीसारखी बिनसाखरेची वेगळी वाटी ठेवली, आणि मी कुरकुर न करता ती चाटूनपुसून खाल्ली.