दम घ्यायची जागा

युरोपातल्या रोमँटिक काळातल्या एका संगीतकार बाईंनी व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलेला सोनाटा मी फ्लूटसाठी बसवत होते. त्याच्या संथ भागात एक ओळ इतकी लांबत जाते, की व्हायोलिनचा गज नुसता फिरत राहतो. माझा दम अर्ध्यातच सरायचा. दोन स्वर गाळले असते तर भागलं असतं. पण बाईंचं संगीत आधीच कोणी वाजवत नाही, त्याला मी आणखी कात्री लावायची? मुळीच नाही.

त्याच आठवड्यात घिवलीत, आमच्या किनाऱ्यावरच्या गावात, शेजारी हळद होती. बायका दोन बाजू करून समोरासमोर बसून गात होत्या, मीही एका बाजूला होते. मध्येच माझा आवाज तुटला, तशी समोरची मावशी म्हणाली, "दम सरला का गप ऱ्हा, आमी हाय ना." आणि त्यांच्या बाजूने ओळ उचलली. गाणं कुठे तुटलंच नाही.

घरी येऊन ते दोन स्वर मी पियानोला दिले. बहीण वाजवायला बसली. तिने माझ्या ओठांवरची ओळ अलगद उचलली, आणि मी श्वास घेतला. खिडकीतून वाळत्या बोंबलांचा वास आत आला. श्वास न घेणाऱ्या व्हायोलिनला तो वास कधीच आला नसता.