फी नसेल तर इंग्रजीत सांगा

अन्याय झाला तो माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीवर. गेल्या वर्षी, पोळ्याच्या आधीच्या सोमवारी, सकाळी सव्वादहा वाजता, सेनगावातल्या इंग्रजी बोलायच्या क्लासात, तीस जणांसमोर.

ती तांड्यावरची, मी पुसेगावची. एकाच जीपने यायचो. तिला दिवाळीआधी नोकरीची मुलाखत होती आणि तिथं इंग्रजीत बोलायचं होतं. क्लास त्यासाठीच लावलेला.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं : ब्रोक, फ्लॅट ब्रोक, स्किंट. म्हणाले, खिसा रिकामा असला की इंग्रज असं बोलतात. मग म्हणाले, "ज्यांची फी बाकी आहे त्यांनी उभं राहून एकेक वाक्य म्हणा."

माझी फी भरलेली होती. ती उठली. "सर, सोयाबीन निघालं की देते."

"इंग्लिश, इंग्लिश!"

"आय अ‍ॅम ब्रोक, सर."

"मोठ्यानं! तांड्यावर ऐकू जाऊ दे."

ती पुन्हा म्हणाली. वर्ग हसला. मीही हसले, हे लिहिलंच पाहिजे.

कडकी आहे, ठणठणगोपाळ आहे, असं आम्हीही म्हणतो. पण ते मैत्रिणीला, आपणहून, चहा टाळताना. कुणी उभं करून वदवून घेत नाही. आणि पोळ्याच्या दिवसांत इथं कुणाच्या घरात पैसा असतो? पीक शेतात उभं असतं. सरही शेतकऱ्याच्याच घरचे. त्यांना माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

परतताना जीपमध्ये मी म्हणाले, "मनावर घेऊ नको गं, गंमत होती."

"तुही फीस भरेल हाय न, म्हणून तुला गंमत वाटून राहिली."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. सोयाबीन निघाल्यावर मी तांड्यावर गेले. ती कापूस वेचत होती. हात न थांबवता म्हणाली, "पैसे हायेत आता. त्या वर्गात जायला पाय उचलत न्हाई." मुलाखतीलाही ती गेली नव्हती. "तिथं तोंड उघडलं, की तेच वाक्य येईल बाहेर," म्हणाली.

त्या तिसांतल्या एकानंही तोंड उघडलं नाही.

तुम्ही क्लास चालवत असाल, तर फी बाजूला बोलावून मागा, आणि पीक घरात आल्यावर घ्या. बाकावर बसत असाल, तर हसू नका. उठा, आणि "सर, हे बंद करा" म्हणा. तिथंच, सगळ्यांसमोर.