गोड पाण्याची यशोगाथा

मी तोंडाने फटकळ. अमरावतीच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, ह्या बाईला शेवटी बोलू द्यावं, नाहीतर मीटिंग अर्ध्यातच मोडते. अशी मी. म्हणून अकोल्यातल्या त्या दुपारी मी काय केलं ते सांगताना माझीच मला चीड येते. पण सांगते.

बारा वर्षं मी एका परदेशी संस्थेत आहे. तिचं मोठं ऑफिस साता समुद्रापार, धाकटं दिल्लीत, आणि आम्ही अमरावतीत भाड्याच्या तीन खोल्यांत. सुरुवातीला आम्ही वस्तू द्यायचो. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या काठी एक गाव आहे. तिथलं पाणी असं, की तुरीची डाळ दुपारपर्यंत चुलीवर ठेवली तरी डाळ डाळीच्या जागी आणि पाणी पाण्याच्या जागी. त्या गावाला आम्ही पाणी गोड करायचं मशीन दिलं. नारळ फुटला, रिबन कापली, भाषणं झाली.

आणि यशोगाथा झाली. ही आमच्या कामातली रीत. काम झालं की दोन पानांची गोष्ट लिहायची, हसरा फोटो लावायचा, वर पाठवायची, आणि तीही तिमाही संपायच्या आत. मशीन बसलं तेव्हा तिमाही संपायला चार दिवस उरले होते. मी उद्घाटनाच्या दिवशीच लिहून टाकलं: 'या गावाचा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न कायमचा सुटला.' फोटोत बचत गटाची अध्यक्ष, हातात पेला. 'कायमचा' हा शब्द माझा. कोणी मागितला नव्हता. कौतुक लिहायला बसलं की हात सैल सुटतो, तसा सुटला. मराठी प्रती सरकारी ऑफिसांत नेऊन वाटल्या, त्याही मीच.

पहिला उन्हाळा सरायच्या आत मशीन बंद पडलं. आतली चाळणी खाराने गच्च झाली. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला आणि गाव पुन्हा विहिरीवर गेलं. 'काम फसलं' असं लिहायचा कागद आमच्याकडे नाही. मीही गप्प बसले.

मग वरून वारं फिरलं. परदेशातून येणारा पैशांचा ओघ आटला आणि नवं धोरण आलं. आता वस्तू नाहीत, आता नागरिक. लोकांनी मागावं, सरकारने द्यावं, आपण फक्त सोबत चालावं. मला ते मनापासून पटलं, खोटं कशाला बोलू! अर्ज कसा करायचा, ग्रामसभेत ठराव कसा घ्यायचा, कागद देत नसतील तर माहितीच्या अधिकारात कसा ओढून काढायचा, हे सगळं मी त्याच गावातल्या बायकांना शिकवलं. त्या शिकल्या आणि माझ्याही पुढे गेल्या. नळयोजनेच्या नव्या यादीत आजूबाजूची गावं होती, त्यांचंच नव्हतं. त्यांनी कारण मागितलं. कारण लेखी आलं.

ते घेऊन अध्यक्षबाई एकटी अमरावतीला आली. वय पन्नाशीचं, अंगणवाडीत मदतनीस. "जयभीम, मॅडम," म्हणाली आणि टेबलावर कागद ठेवला. माझीच यशोगाथा, वर सरकारी शिक्का.

"हे तुमचंच बोलनं हाय ना?"

"हो."

"कायमचा सुटला म्हनते याच्यात. काहून लिवलं असं?"

काय सांगणार, कपाळ? "चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलं तं चुकलं. आमी काय फाशी देऊन राहिलो का तुमाले? मशीन बंद हाय, अशी एक चिठ्ठी द्या. गुरुवारी अकोल्याले सुनावणी हाय. त्याच दिवशी यादी पक्की होते. नाव नाई आलं तं मंग बसा बोंबलत."

जाताना दारात थांबली. "घरवाल्याच्या किडन्या गेल्या. डॉक्टर म्हनते, हे पानी बंद करा. बंद करतो जी. चालू कोनतं करू?"

मी त्याच दिवशी दिल्लीच्या साहेबांना फोनवर गाठलं. ते फार गोड बोलतात. छापलेला अहवाल मागे घेता येत नाही, म्हणाले. परदेशी पैशावरच्या संस्थेने सरकारी सुनावणीत बाजू घेतली तर परवानाच धोक्यात येईल. "आणि आता आपली भूमिका बदललीय ना? तो त्यांचा आवाज आहे. आपण मध्ये येऊ नये."

"मध्ये तर आपण केव्हाच येऊन बसलोय, सर. आता उठायचं कसं ते सांगा."

ते हसले. कर्मचाऱ्यांपैकी कोणी तिथे बोललं तर संस्थेला विचार करावा लागेल, म्हणाले. माझ्या नवऱ्याची नांदगाव पेठेतली कंपनी बंद होऊन आठ महिने झाले होते. घर माझ्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं. विचार म्हणजे काय ते मला बरोबर कळलं. चिठ्ठी मिळणार नाही, दिली तर माझी नोकरी जाईल, हे मी अध्यक्षबाईला फोनवर सांगून टाकलं.

गुरुवारी आजारपणाची रजा टाकली, बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्यात सुनावणीच्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. चोरासारखी.

अध्यक्षबाई उठली. आधी ठराव, मग अर्ज, मग सह्या, अगदी मी शिकवलेल्या क्रमाने. अधिकाऱ्यांनी यशोगाथा उचलली.

"फोटोत तुम्हीच ना?"

"हो जी."

"पेल्यात गोड पाणी?"

"त्या दिवशी गोडच होतं. आता मशीन बंद हाय."

"तसं संस्थेने कुठे लिहून दिलंय?"

ती मागे वळली नाही. मी कुठे बसलेय ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने बोट दाखवलं असतं तर निदान माझी सुटका झाली असती. शेवटी मीच उठले.

"ते मी लिहिलंय, साहेब. ते आता खरं नाही."

"संस्थेतर्फे बोलताय? अधिकारपत्र आहे?"

"नाही. नागरिक म्हणून बोलते."

"या गावच्या रहिवासी?"

"नाही. अमरावतीची."

"मग तुमचं म्हणणं कोण म्हणून घेऊ मी, बाई?" हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. "लेखी द्या. पाचच्या आत, आवक टेबलावर. नाव, हुद्दा, सही. आलं तर विचारात घेऊ."

हुद्दा! मेख तिथेच होती. तरी बाहेर पायरीवर बसून मी लिहिलं. माझं नाव, माझा हुद्दा, संस्थेचं नाव, मशीन बंद असल्याचं आणि मी घाईने खोटं लिहिल्याचं. सही केली. अध्यक्षबाईने ओळीखाली बोट फिरवत सगळं वाचलं. गावाकडे जाणारी शेवटची एसटी साडेचारची होती आणि बाकीच्या बाया हाका मारत होत्या. तिने कागद माझ्याच हातात दिला.

"तुमीच द्या. हे तुमच्या पोटावरचं हाय. माह्या हातानं नाई देत मी."

ती गेली. आवक टेबल व्हरांड्याच्या टोकाला होतं. माझ्यापुढे दोन माणसं होती, मग एक, मग कोणीच नाही. कारकुनाने हात पुढे केला. "द्या."

"एक मिनिट," मी म्हटलं, "सही नीट झाली का बघते."

आणि बाजूच्या बाकावर जाऊन बसले. सही नीटच झाली होती. समोर भिंतीवर घड्याळ होतं. कोणी मला धरून ठेवलं नव्हतं. टेबल दहा पावलांवर होतं. माझ्यासारखी फटकळ बाई त्या बाकावरून उठू शकली नाही. पाच वाजले तेव्हा कारकुनाने रजिस्टर मिटलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

अकोल्याच्या फलाटावर फोन वाजला. मागे एसटीचा खडखडाट.

"देल्ला का मॅडम कागद?"

"टेबल बंद झालं होतं हो," मी म्हटलं. "रांग होती, माझा नंबर येईपर्यंत पाच वाजून गेले."



"बरं," ती म्हणाली. "तुमी तरी काय करसान? सगळ्यायसमोर उठून बोलल्या आमच्यासाठी. कोन करते एवढं? सकायपासून काई खाल्लं का तुमी?"