लातूरच्या खोलीतली माझी बारी

बारावीची पोरं लातूरला ठेवायची आमच्या भागात एक रीत पडली आहे. दोन-तीन घरं मिळून खोल्या भाड्यानं घेतात, आणि प्रत्येक घरातलं एक माणूस आळीपाळीनं तिथं राहून स्वयंपाक करतं, पोरांवर नजर ठेवतं. याला बारी म्हणतात. बारीला आया येतात. माझ्या बायकोची रजा संपली होती, म्हणून दिवाळीनंतर मी गेलो. भोकरला ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवणारा, पन्नाशीला टेकलेला माणूस कुकरच्या शिट्ट्या मोजत उभा आहे हे पाहून समोरच्या खोलीतल्या बायांनी तोंडाला पदर लावला.

त्या गल्लीचा मला पहिल्या दिवसापासून तिटकारा आला. खाली झेरॉक्स, मध्ये अभ्यासिका, वर मेस. चौकाचौकात फ्लेक्सवर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे चेहरे, सगळे एकाच फोटोग्राफरनं हसवल्यासारखे. जिल्ह्याजिल्ह्यातल्या आईबापांनी आपली भीती या शहरात आणून ओतली होती आणि शहर तिच्यावर मजले चढवत होतं. हे मी तुच्छतेनं लिहितो खरं, पण क्लासच्या प्रवेशाच्या रांगेत पहाटे जाऊन उभा राहिलो होतो तो मीच. मुलाला विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

खोलीत तिघं होते. माझा मुलगा, नांदेडचा एक, ज्याच्या घरचं बांगड्यांचं दुकान आजोबांच्या आधीपासून चालत आलेलं, आणि किनवटकडचा एक, वसतिगृहांत वाढलेला, कमी बोलणारा. शाळेचं शेवटचं वर्ष म्हणायचं, पण शाळेत एकही जण जात नव्हता. हजेरी लागत होती. ती कशी लागते हे आम्ही मास्तर लोक जाणतो आणि विचारत नाही.

जेवणानंतर त्यांना थोडा वेळ फोन मिळे. त्यात ते बंदुकांचा खेळ खेळत. खेळ थांबे, भाषा थांबत नसे. ढ पोरगं म्हणजे बॉट. परीक्षा जवळ आली म्हणजे झोन बंद होऊन राहिला. गोळी लागून आडवं पडणं म्हणजे नॉक होणं, आणि पडलेल्याला साथीदारानं उठवणं म्हणजे रिव्हाइव्ह. सगळे पडल्यावर उरलेल्या एकट्यानं डाव वाचवला तर तो क्लच. मी पोळ्या लाटताना हे ऐकत असे आणि माझं डोकं तव्याआधी तापे. जन्मभर मराठी शिकवलं आणि घरात हे उगवलं. एकदा न राहवून मी म्हणालो, ज्याला स्वतःचे शब्द नाहीत त्याला स्वतःचा विचारही नसतो.

नांदेडचा फार अदबीनं म्हणाला, "चाचा, हे स्टेटसला ठेवू का?"

तिघांनी माना खाली घातल्या. खांदे हलत होते.

पुढं काय होणार हेसुद्धा ते त्याच भाषेत बोलत. सरकारी कॉलेज नाही लागलं तर? तर रिस्पॉन, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आणि तेव्हाही नाही लागलं तर? यावर तिघं पंख्याकडे बघत. तेव्हा माझ्या मनात कीव आली नाही. मला त्यांचा राग येत असे आणि मी त्यांना पुस्तकं उघडायला लावत असे.

क्लासमध्ये दर रविवारी चाचणी आणि तिच्या मार्कांवर बॅच. वरच्या बॅचला नावाजलेले सर, खालच्या बॅचला कालपर्यंत तिथंच शिकत असलेली पोरं शिकवायला. किनवटचा वरून घसरला तो थेट शेवटच्या बॅचला. त्याच्या वडिलांनी त्याला बजावून ठेवलं होतं की खालच्या बॅचला गेलास की सामान बांधायचं, गावात शेत आहे, ट्रॅक्टर आहे. त्यांच्या गावात रेंज नसे. आठवड्याच्या बाजाराला किनवटला आले की तिथून फोन करत, तोही बारीच्या माणसाला. पोरावर त्यांचा विश्वास नव्हता, माणसावर होता. बाजाराचा दिवस दोन दिवसांवर आला होता. पोरानं बॅग आधीच भरून दाराशी ठेवली होती.

आणि मधल्या रविवारच्या चाचणीत माझा मुलगा आणि नांदेडचा, दोघंही शेवटच्या बॅचला गेले.

मला क्लासच्या ऑफिसात बोलावणं आलं. टाय लावलेला, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा एक समुपदेशक होता. त्यानं मुलाची उत्तरपत्रिका पुढं सरकवली. निम्मे प्रश्न सोडलेलेच नव्हते. तो म्हणाला की ही पिढी पोकळ आहे, यांच्या डोक्यात गेमशिवाय काही नाही, यांना स्वतःचा विचारच नसतो. मला त्या टायवाल्याची घाण वाटली. मग लक्षात आलं की हे सगळं मीच परवा पोळपाटाशी बोललो होतो, फक्त बिनटायचा. मी निघताना त्यानं दार अर्धं उघडं ठेवलं: सर, तुम्ही शिक्षक आहात, उद्यापर्यंत कळवा, तुमच्या मुलाला एकट्याला वर घेऊ.

मुलाला मी गच्चीवर गाठलं. निम्मा पेपर का सोडलास?

"आम्ही दोघांनी ठरवून सोडला. तो नॉक झालाय, पप्पा. रिव्हाइव्ह करायचं तर जवळ जावं लागतं, लांबून होत नसतं. त्याची बॅच संध्याकाळची. आम्ही घरी येणार तेव्हा तो जाणार. अभ्यास घेणार कधी त्याचा?"

आयुष्य म्हणजे खेळ नाही, असं मी म्हणालो. इतकं शिळं वाक्य मी वर्गातसुद्धा वापरत नाही. शेवटच्या वर्षात, शेवटच्या महिन्यांत, दुसऱ्यासाठी स्वतःहून खाली उतरणारा हा मूर्ख माझ्याच घरात निपजला, असं वाटून, तो जेवायला खाली गेला तरी मी कठडा धरून उभा राहिलो. अख्ख्या लातुरात कोणत्याही बापानं असलं गाढव पाहिलं नसेल. क्लासला सकाळी होकार कळवायचं मी मनात पक्कं केलं.

खाली आलो तर फोन वाजत होता. किनवटहून. बाजाराचा गलका ऐकू येत होता. तिघंही ताटांवरून उठले नाहीत, जेवलेही नाहीत. बॅग दाराशीच होती.

"सर, आमचं पोरगं कसं करून राहिलं? कोणत्या बॅचला हाय?"

खरं सांगितलं तर परवाच्या गाडीनं तो घरी. खोटं बोलायला जीभ उचलेना. सच्चेपणावर मी दरवर्षी निबंध लिहून घेतो. त्या मूर्खांनी माझ्यासाठी एकच वाक्य शिल्लक ठेवलं होतं.

"तिघंही एकाच बॅचला आहेत," मी म्हणालो.

पलीकडे माणूस मोकळं हसला. "मग झालं की. मास्तरचं पोरगं जिथं, तिथं आपलं. आता काय फिकीर न्हाई."

त्यांनी फोन ठेवला. माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाला मी फसवलं होतं, आणि ते वाक्य खरं राहावं म्हणून माझ्या मुलाला खालीच ठेवणं भाग होतं. टायवाल्याला कळवायचं आता काही उरलं नव्हतं.

किनवटच्यानं उठून बॅग दारापासून कोपऱ्यात सरकवली. नांदेडचा हळूच म्हणाला, "चाचा, क्लच."

मी त्याला ताटं घासायला लावली.